पंचमीला ठोकलेली राहुटी

दादामियाँ फरास तोंडाचा फाटका होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. पेशव्यांच्या फौजेच्या राहुट्या ठोकण्यात त्याची तीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत त्याने उभारलेल्या राहुटीत एकालाही साप चावला नव्हता. उंदरांची बिळं बुजवायची, भोवती चर खणायचा, आत दाणा ठेवायचा नाही, जोडा झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. न ऐकणाऱ्याची तो सात पिढ्यांसकट पूजा बांधायचा. छावणीत त्याचं तोंड कुणाला बघवत नसे.

त्या वर्षी ऐन नागपंचमीला गारपिराच्या माळावर तळ पडला. श्रीनिवासपंत कारकुनांना वारुळालगतचीच जागा हवी होती. पूजेला लांब जायला नको.

"आधी चर खणतो," दादामियाँ म्हणाला.

"आज? पंचमीला जमीन खणत नाहीत, एवढं पुण्यात राहून कळत नाही?"

"कळतं. म्हणून तर म्हणतो, पन्नास पावलं पलीकडे मुरमावर चला. खणायलाच नको."

"फरासाने मेखा ठोकाव्यात. अक्कल आमची आम्हाला आहे."

"असेल. अजून दिसली नाही."

राहुटी तिथेच उभी राहिली. पंतांनी वारुळाला दूध-लाह्या वाहिल्या आणि उरलेल्या लाह्यांची टोपली आत उशाशी ठेवली. दादामियाँने ती बाहेर आणली. पंतांनी शिव्या घालत पुन्हा आत नेली.

"लाह्यांना उंदीर येतील, उंदरांमागे तो येईल!"

"आला तर नमस्कार करीन," पंत म्हणाले.

मर मग, असं दादामियाँ मनात म्हणाला आणि निघून गेला.

सकाळी पंतांनी मूठभर लाह्या घ्यायला हात घातला. टोपलीच्या आडोशाला नाग बसला होता. दादामियाँने धावत येऊन आपल्या पागोट्याने त्यांचा दंड आवळला, पण दुपारच्या आत पंत गेले. लगेच छावणीभर झालं, पंचमीला या माणसाने जमिनीत मेखा ठोकल्या, देव कोपला. कुणाच्या हुकमाने ठोकल्या, हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळी त्याला चाकरीवरून काढलं.

घरी कमरजहांने, त्याच्या बायकोने, वाढलेली भाकरी निवून गेली.

"चाकरी गेली म्हणून उपाशी राहणार? त्या नतद्रष्टांचं काय मनावर घेता?"

"चाकरी गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "अगं, जागा वाईट आहे हे मला एकट्याला कळत होतं. तरी मी राहुटी ठोकली."