घसरे वकील

गाडी घसरू लागली की माणसे ओरडतात. वकीलसाहेब गप्प होत. दिवसभर कोर्टात बोलून पोट भरणारा आणि फाटकाशी आलेल्या पोस्टमनलाही एखादा निकाल ऐकवल्याशिवाय न सोडणारा हा गृहस्थ. पण मागची चाके सुटली की त्यांचे ओठ मिटत, ते गाडी पुन्हा सरळ होईपर्यंत उघडत नसत. “त्या वेळी बोलणं म्हणजे साक्षीदार बोलत असताना मध्ये तोंड घालणं,” असे ते म्हणत. “गाडी काहीतरी सांगत असते, बाई. ऐकून घ्यावं.”

नाशिकच्या कोर्टात त्यांना ‘घसरे वकील’ म्हणत. नवे अशील ते आडनावच समजत आणि “घसरेसाहेब कुठं बसतात?” असे विचारीत थेट त्यांच्याच टेबलाशी येत. साहेबांना राग येत नसे. “बसतो इथंच, घसरतो रविवारी,” असे ते सांगत. तरुणपणी त्यांना गाड्यांच्या शर्यतींचे वेड लागले होते. बक्षीस कधी मिळाले नाही. मागे उरली ती एक जुनी पद्मिनी, एक दार निळे आणि बाकी अंग मळकट पांढरे, आणि मोकळ्या मैदानात ती मुद्दाम घसरवून त्या घसरणीवरच चालवण्याची विद्या. हल्लीची मुले तिला ड्रिफ्ट म्हणतात. साहेबांनी तो शब्द फार उशिरा ऐकला.

मी घोटीच्या बाजूला एका शाळेत भूमिती शिकवीत असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्हीही एक जुनी पद्मिनी स्वस्तात घेतली होती आणि मी व दोन सहकारी शिक्षिका तिच्यातून शाळेला जात असू. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर खाचरातला चिखल डांबरी रस्त्यावर येतो. अशाच एका सकाळी वळणावर मी ब्रेक दाबला आणि गाडी स्वतःभोवती फिरून नाशिककडे तोंड करून उभी राहिली. कोणाला खरचटलेही नाही. परंतु दोघी सहकारी दुसऱ्या दिवसापासून एसटीने जाऊ लागल्या, आणि वळण आले की माझे हात स्टेअरिंगवर लाकडासारखे होऊ लागले. साहेब आमच्याच कॉलनीत राहत. त्यांच्या कानावर हे गेले.

“बाई, पोहायला शिकवताना मुलाला पाण्यापासून लांब ठेवतात का?” त्यांनी फाटकातूनच विचारले.

“नाही.”

“मग रविवारी या. घसरायला शिकवतो.”

त्र्यंबक रस्त्याला त्यांच्या एका अशिलाची बंद पडलेली वीटभट्टी होती. तिथे मुरमाचे सपाट मैदान, मधोमध एक रिकामा ड्रम आणि आसपास चिटपाखरू नाही. साहेब स्वतःच्याच गाडीत शिकवीत. मागच्या चाकांना ते मुद्दाम गोटा झालेले, म्हणजे नक्षी पार झिजून गेलेले टायर लावीत. बसणाऱ्यांसाठी पट्टे बसवून घेतलेले होते आणि पट्टा आवळल्याशिवाय किल्ली हातात पडत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले, “हे मैदानातच. रस्त्यावर करणारा माणूस माझा अशील होईल, शिष्य होणार नाही.”

या विद्येचे मर्म, वर्गात सांगावे तसे, थोडक्यात सांगते. अशा जुन्या गाडीत कामाची वाटणी असते: मागची चाके ढकलतात, पुढची वाट दाखवतात. वळणात अ‍ॅक्सिलरेटर जोराने दाबला की मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटते आणि गाडीचे मागचे अंग बाहेर फेकले जाते. नवशिका इथे ब्रेक मारतो, नाहीतर घाबरून पाय काढून घेतो. दोन्ही चूक. पाय एकदम काढला तर पकड अचानक परत येते आणि गाडी उलट बाजूला हिसका देते. करायचे ते एवढेच की, मागचे अंग ज्या बाजूला चालले आहे त्याच बाजूला स्टेअरिंग वळवायचे, आणि पाय पुरता दाबायचाही नाही, सोडायचाही नाही. मग गाडी तिरपी राहून, मुरूम उडवीत, ड्रमभोवती वर्तुळ काढते.

समजायला सोपे असलेले हे काम माझ्या पायांना समजायला पावसाळा उलटून गेला. माझी अडचण भूमितीची होती. वर्तुळ म्हटले की केंद्र, म्हणून मी ड्रमकडे पाहत असे. आणि नजर जिकडे, गाडी तिकडे, या न्यायाने ड्रमच गाठत असे. गाडी थांबली की साहेब म्हणत, “बाई, त्या ड्रमला सोडा. तो काही तुमच्या परीक्षेला बसलेला नाही. जायचंय तिकडं बघा.”

आणि त्यांचा ठरलेला शब्द: “घसरणारी गाडी हाकलायची नाही. नांदवायची.”

हा शब्द कोर्टातून आला होता. नवऱ्याचे घर सोडून माहेरी आलेल्या बाईला नवऱ्याच्या वतीने नोटीस जाते, ती नांदायला येण्याची. तशा नोटिशा लिहिण्यात साहेबांचा हातखंडा होता. त्यांत धमकी नसे. भाषा इतकी आर्जवी की, बाईचे वडील ती वाचून लेकीची पिशवी भरायला घेत. परत गेलेल्या सुनांच्या सासरहून साहेबांकडे पेढे येत. “मोडायला अक्कल लागत नाही, बाई,” पेढा पुढे करीत ते म्हणत, “नांदवायला लागते.” ते मनापासून म्हणत. पत्नी लवकर गेल्यावर एकट्याने मुलगी वाढवलेल्या माणसाला भरलेले घर ही फार मोठी गोष्ट वाटत होती.

ती मुलगी मीनल. तिला धुळ्याला दिली होती. वर्षभरात ती माहेरी आली. साहेबांनी समजूत घातली आणि याच पद्मिनीतून तिला परत सोडून आले. ती पुन्हा आली. ते पुन्हा सोडून आले. नवरा हात उगारतो, असे तिने सांगितले होते. “उगारतो म्हणजे मारत तर नाही ना?” असे विचारून साहेबांनी, सवयीप्रमाणे, त्यातला शब्द तपासला होता. तिसऱ्या खेपेला ती एसटीने एकटीच आली आणि वडिलांनी काही विचारायच्या आत म्हणाली, “बाबा, या वेळी गाडी काढू नका.”

त्यांनी गाडी काढली नाही. पण मनातून त्यांचे ठरलेले नव्हते. चार दिवस जाऊ द्यावेत, मग पाहू, असे ते मला म्हणाले. पुढच्या रविवारी ते तिलाही मैदानावर घेऊन आले. मी चालवीत होते, साहेब शेजारी, मीनल मागच्या सीटवर. निम्मे वर्तुळ छान निघाले. मग मी घाबरून पाय काढला, गाडीने हिसका दिला आणि गिरकी घेऊन ती बंद पडली.

“पाय काढलात म्हणजे हाकललीच ना?” साहेब म्हणाले. “थोडी कळ काढायची, बाई. नांदवायची होती तिला.”

मागून मीनलचा आवाज आला. “तिला विचारलं होतं का, बाबा? नांदायचंय का म्हणून?”

ती रागाने बोलली नव्हती. तरी साहेबांनी पट्टा सोडला, खाली उतरले आणि भट्टीच्या पडक्या भिंतीपर्यंत चालत गेले. परत आले ते एवढेच म्हणाले, “आज पुरे.” ‘नांदवायची’ हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून गाडीच्या बाबतीत कधी ऐकला नाही.

मग धुळ्याहून मीनलच्या नावाने नोटीस आली. मी त्या वेळी तिथे चहाला बसले होते. साहेबांनी चष्मा लावला, वाचली, आणि चष्मा काढून ठेवला. “मसुदा माझा आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडे शिकलेला कुणीतरी तिकडं घेऊन गेलेला दिसतो. स्वल्पविरामसुद्धा माझेच आहेत.” ‘कोणत्याही वाजवी सबबीशिवाय घर सोडले’ या शब्दांवर त्यांचे बोट थांबले होते. मीनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कळत नव्हते की वडील आता काय करणार. मलाही कळत नव्हते.

नोटिशीपाठोपाठ मध्यस्थ आले. मीनलचे सासरे आणि त्यांच्याबरोबर सिन्नरचे एक वयस्कर व्यापारी, साहेबांचे जुने अशील. साहेबांनी मलाही बोलावून घेतले. घरात कोणीतरी बाईमाणूस असावे, असे म्हणाले. व्यापाऱ्यांनीच सुरुवात केली.

“साहेब, तुमच्या एका कागदानं आमची सून घरी आली. आज नातवंडं खेळतायत. लोकांचे संसार तुम्ही उभे केलेत, आणि स्वतःच्या घरी हे काय मांडलंय?”

“तुमची सून बरी आहे का?” साहेबांनी विचारले.

“म्हणजे काय! बरीच असणार.”

“तुम्ही तिला विचारलंय?”

व्यापारी हसले. “सुनेला काय विचारायचं, साहेब?”

“मीही नव्हतं विचारलं,” साहेब म्हणाले. “ते माझं चुकलं.” मग ते दाराकडे वळले. “मीनल, इकडं ये. तुला जायचंय का?”

ती म्हणाली, “नाही.”

सासरे ताडकन उठले. “पोरीच्या मनावर सोडलंत तर उद्या कुणाच्या घरात बाई टिकायची नाही! तुम्ही वकील आहात की कोण?”

“आत्ता बाप आहे,” साहेब म्हणाले. “आणि तिचं उत्तर पूर्ण झालंय. चहा घेऊन जा.”

चहा कोणी घेतला नाही. त्या रविवारी मीनलने पहिल्यांदा स्टेअरिंग हातात घेतले. तिला माझ्याइतका वेळ लागला नाही. महिन्याभरात मीनल ती अवजड, खडखडणारी गाडी ड्रमभोवती अशी फिरवू लागली की मुरमात उमटलेली वर्तुळे मी फळ्यावर काढलेल्या वर्तुळांपेक्षा नीटस दिसत. साहेब शेजारी बसत आणि काही बोलत नसत. पुढे तिला रीतसर घटस्फोट मिळाला. तो खटला दुसऱ्या वकिलाने चालवला. साहेब मागच्या बाकावर बसून राहिले.

त्यानंतर साहेबांनी नांदायला येण्याच्या नोटिशा लिहिणे बंद केले. काम रोडावले. कोर्टात लोक म्हणत, “घसरे खरोखरच घसरले.” त्यांनी ते मनावर घेतले नाही. मनावर घेतली ती निराळीच गोष्ट. ज्या बायका त्यांच्या नोटिशीने परत गेल्या होत्या, त्यांच्या घरी ते रविवारी जाऊ लागले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून गाडी कधी मीनल चालवी, कधी मी. सिन्नर, निफाड, दिंडोरी अशी आमची फिरती चाले. त्या काळात पावसाने ओल्या वळणांवर गाडीचे मागचे अंग दोनदा-तीनदा निसटले. माझे हात आपोआप योग्य बाजूला वळले. साहेब गप्प राहिले, आणि गाडी सरळ झाल्यावर आधीचे बोलणे पुढे सुरू केले.

बहुतेक घरांत आमचे स्वागत होई. काही बायका खरोखरच सुखात होत्या आणि “आता काय, सासूबाईच माझं ऐकतात,” असे सांगून हसत. तेव्हा साहेबांचा चेहरा उजळे. एका घरी भिंतीवर त्या सुनेचाच हार घातलेला फोटो होता. तिथे आम्ही बसलो नाही.

घोटीजवळच्या एका वाडीवर चाळिशीची बाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिने साहेबांना ओळखले. घरातून नवऱ्याच्या खोकण्याचा आवाज येत होता.

“बरी आहेस का?” साहेबांनी विचारले.

“बरी हाय, सायेब,” ती मोठ्याने म्हणाली. आम्हांला पोचवायच्या निमित्ताने ती गाडीपर्यंत आली आणि दाराला हात लावून हळू आवाजात बोलली, “घरात इचारलं तर बरीच हाय म्हनणार ना, सायेब. बाजाराच्या दिवशी घोटीला या. मंग सांगते. लय हाय सांगायसारखं.”

बाजाराच्या दिवशी मला शाळा होती, मीनलला कॉलेज. ती तोवर वकिलीच्या अभ्यासाला लागली होती. साहेब एसटीने एकटेच घोटीला गेले. तिने काय सांगितले, ते त्यांनी आम्हांला कधी सांगितले नाही. मात्र तिचे वकीलपत्र घेतले: पोटगीचा दावा, आणि राहण्यापुरती जागा. हे त्यांचे शेवटचे काम. आयुष्यभर ज्या वाक्यांनी त्यांनी बायकांना परत पाठवले होते, त्यांतले एकही वाक्य त्या दाव्यात येऊ नये म्हणून ते प्रत्येक परिच्छेद मीनलला वाचायला लावीत आणि विचारीत, “हे ती असं म्हणाली असती का?”

दाव्याचा निकाल लागायच्या आधीच ते गेले. दुपारी आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले. दशक्रियेनंतर घरी थोडी माणसे बसली होती. कोर्टातले काही जण आले होते, आणि त्यांच्यापैकी कोणीही त्या दिवशी टोपणनाव घेतले नाही. फाटकाशी ती घोटीची बाई आली. चपला बाहेर काढून ती दारातच उभी राहिली. पदराखाली तांदळाची पिशवी होती. ती एकदा साहेबांच्या फोटोकडे आणि एकदा आमच्याकडे पाहत होती. अशा दिवशी हे विचारावे की नाही, हा संकोच तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी तिने विचारले, “ताई, म्होरली तारीख आता कुनाला इचारायची?”

मीनल उठली आणि तिने तिच्या हातातली पिशवी घेतली.

“मला,” ती म्हणाली. “तोवर दुसरा वकील मी बघते, आणि परीक्षा झाली की मीच उभी राहते. पण आधी आत ये, बस. काय काय हवंय तुला, ते मला पहिल्यापासून सांग.”