बंद पेटीतलं तांबडं पीस

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आम्हाला कशालाही कारण लागतं... म्हणूनच हे लिहायला इतके दिवस चालढकल केली.

आमचं घर तीर्थपुरीला. माझ्या डोक्यात कोंबडीपालन पक्कं बसलेलं, माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या डोक्यात माझी स्पर्धा परीक्षा. मी थर्माकोलची पेटी, बल्ब आणि थर्मोस्टॅट जोडून अंडी उबवायचं यंत्र केलं, तेव्हा कुठं तडजोड झाली.

"पिल्लं निघाली तर कापसाची खोली तुझ्या कोंबड्यांना," अप्पा म्हणाले. "न्हाई निघाली, तर मंग गपचूप पुण्याला क्लास लावायचा."

गल्लीतून गावरान अंडी आणली, एकेक पुसून ठेवलं. प्रत्येकावर एका बाजूला पेन्सिलनं फुली मारली — अंडी रोज फिरवावी लागतात, कोणतं फिरवलं ते फुलीवरून कळतं. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला आमच्याकडं खुडूक म्हणतात; अप्पा येता-जाता पेटीला "खुडूकबाई, चहा घेता का" विचारायचे. मी चिडायचे, आई हसायची.

मध्येच केदारखेड्याला मावसभावाचं लग्न आलं. सगळ्या फुल्या वर करून, झाकणाला चिकटपट्टी लावून, घराला कुलूप घालून आम्ही तिघंही गेलो. ऐन थंडीचे दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो, तर बल्ब उडालेला! काच काळी पडलेली आणि गारढोण. मला रडूच कोसळलं. पुण्याचा क्लास डोळ्यांपुढं दिसायला लागला.

चिकटपट्टी मात्र होती तशीच. मी ती सोडवून झाकण उचललं...

अंडी ऊबदार होती. आणि एकही फुली वर नव्हती — सगळी अंडी फिरवलेली! मधोमध एक तांबडं पीस. आमच्या घरात आजवर कोंबडी पाळलेली नाही.

एक अंडं टॉर्चवर धरलं, तर आत हालचाल दिसली. अप्पांनी वाकून ते पीस उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"कुणीतरी बसून गेलंय, बाई," ते म्हणाले.

पिल्लं निघाली, धडधाकट. कापसाची खोलीही मिळाली. कॉलेजात सरांना विचारलं, तर म्हणाले थर्माकोल ऊब धरून ठेवतं, पीस अंड्याला चिकटून आलं असेल. मग फुल्या कुणी फिरवल्या, सर? त्यावर त्यांनी पुढचा धडा सुरू केला.

मलाही कारण सापडलेलं नाही. परवा नवी अंडी लावली, तेव्हा अप्पांनी स्वतःच ते पीस पेटीत ठेवलं.

"राहू दे," म्हणाले, "आपल्याला न्हाई कळत, पर त्या खुडूकबाईला बराबर कळतंय."

मी ते काढलं नाही.