चांदीच्या पाण्यात समुद्र

मला तसबिरी काढायचा नाद लागला तो एका जाड्या साहेबामुळे. अमरावतीला कापूस खरेदीसाठी आलेल्या या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली मी कारकून होतो. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि सगळ्या जगाला एकाएकी वऱ्हाड आठवलं होतं. बाजारात गाड्यांची रांग एवढी लांब लागे की शेवटच्या गाडीवाल्याचा स्वयंपाक होई, जेवण होई, एक झोप होई, तरी त्याची पाळी येत नसे. साहेबानं करमणुकीसाठी विलायतेहून कॅमेरा मागवला होता. पण काळ्या कापडाखाली वाकलं की त्याला धाप लागायची, आणि आमच्या उन्हात तर तो त्या कापडाखाली भाजूनच निघायचा. दोन-चार वेळा वाकून त्यानं हात टेकले आणि ती पेटी, बाटल्या, काचा आणि सूचनांचं पुस्तक, असं सगळं मला देऊन टाकलं.

तेव्हाची तसबीर म्हणजे मोठं कुटाण्याचं काम. काचेवर एक चिकट औषध ओतायचं, ते वाळायच्या आत काच अंधारात चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच पेटीत घालून तसबीर घ्यायची, आणि लगेच पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. यातली कुठलीही गोष्ट घटकाभर लांबली की काच फुकट. त्यामुळे तसबीर काढणाऱ्याला आपला अंधार बरोबर घेऊन हिंडावं लागे. मी जाड काळ्या कापडाचा एक लहानसा तंबू शिवून घेतला होता. चांदीच्या त्या पाण्यानं माझी बोटं कायमची काळी झाली. बायकोनं पहिले काही दिवस राखेनं घासून पाहिली, मग मला वेगळं ताट दिलं, आणि शेवटी नाद सोडून दिला. म्हणजे तिनं तिचा. माझा तसाच राहिला.

अमरावतीत काढण्यासारखं होतं तेवढं मी वर्षभरात काढून संपवलं. कापसाचे ढीग, कापसाच्या गाड्या, गाड्यांखाली झोपलेली माणसं. झोपलेल्या माणसांच्या तसबिरी उत्तम यायच्या, कारण ती हलत नसत. पण पुस्तकात समुद्राचं एक चित्र होतं, आणि ते पाहिल्यापासून मला कापसाचा कंटाळा आला. साहेबाला काही कागद मुंबईला पोचवायचे होते. मी आपण होऊन पुढे झालो.

त्याच आठवड्यात माझे सासरे कापूस घेऊन आमच्याकडे उतरले होते. अकोल्याच्या बाजूला त्यांची काळी जमीन. कापसानं त्यांना असा हात दिला होता की त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. मामाजी (मी त्यांना मामाजी म्हणत असे) स्वभावानं अत्यंत मदत करणारे. कोणाचं काही काम चाललेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवू लागत. मी मुंबईला निघालो हे ऐकताच ते म्हणाले, "जावईबापू, मी बी येतो. आपला कापूस ज्या पान्यावरून जाते ते पानी तं पाहू द्या मले."

"मामाजी, दगदग होईन तुमाले. आगगाडी भुसावळले मिळते, तथपर्यंत गाडीबैल. पुढं घाटात रूळच नाही झाले अजून."

"मंग तं तुमाले मदतीले कोनीतरी पाह्यजेनच," ते म्हणाले.

आम्ही निघालो. बडनेऱ्याजवळ रेल्वेसाठी मातीचा भराव घालणं चाललं होतं. मामाजींनी गाडी थांबवून तिथल्या मुकादमाला काळ्या मातीचा भरवसा धरू नये, पावसाळ्यात ती कशी फुगते, हे सविस्तर सांगितलं. आगगाडीत त्यांनी समोरच्या माणसाचं गाठोडं त्याला न विचारता नीट बांधून दिलं. घाट आम्ही पुन्हा बैलगाडीनं उतरलो, तेव्हा माझ्या बाटल्यांची पेटी ते तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, आणलं ते बरंच झालं.

साहेबाचे कागद पोचते करून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच माहीमच्या बाजूला गेलो. गावापासून जरा दूर, माडांच्या पलीकडे, कोळ्यांची चार-सहा खोपटं होती आणि त्यांच्यापुढं समुद्र. मामाजी वाळूवर उभे राहिले. मग त्यांनी पायातले जोडे काढले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "याले बांध कोठी घातला हाय?"

"बांध नाही मामाजी."

"बांध नाही अन् थांबते कसं?"

मी तंबू उभारायला घेतला. पण अमरावतीचा तंबू तो, त्याला असल्या वाऱ्याची सवय कुठून असणार? मामाजींनी एक खांब धरला, मी दुसरा धरला, आणि आम्ही दोघं धरून उभे असतानाच मधलं कापड सुटून उडालं आणि वाळत घातलेल्या माशांवर जाऊन पसरलं. खोपटातून एक कोळीण बाहेर आली. पन्नाशीची असावी, अंगानं भक्कम. तिनं कापड उचललं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय, मासे चोराया आलाव?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. काच, औषध, अंधार. तिला एवढंच कळलं की या माणसाला अंधार हवा आहे. "अंधार माझ्या खोलीत मोप हाय," ती म्हणाली, आणि तिनं सुकी मासळी ठेवायच्या खोपटाचं दार उघडून दिलं.

त्या खोपटात अंधार खरोखर चोख होता. पण वास असा की पाय ठेवताच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही माळकरी, घरात कधी मासळी शिरली नव्हती. मामाजींनी उपरणं नाकाला गुंडाळलं आणि म्हणाले, "घरी सांगू नोका." मग त्यांनी बाटल्या एकेक करून आत आणून मांडल्या. मी पहिली काच तयार केली, धावत बाहेर आलो, पेटीचं तोंड उघडलं, दहा अंक मोजले, झाकण लावलं, धावत आत गेलो. तसबीर धुवून पाहिली तर खाली वाळू दिसत होती, आणि वर काहीच नाही. समुद्र आणि आभाळ मिळून एकच कोरा पट्टा झाला होता. दहा अंक मोजेपर्यंत लाटा इतक्या वेळा आल्या-गेल्या होत्या की काचेवर कुठलीच उमटली नव्हती. झोपलेल्या माणसांवर शिकलेली माझी विद्या इथं लंगडी पडली.

दुसऱ्या काचेला पाच मोजले. तेव्हा काचेवर काहीच उमटलं नाही. तिसऱ्या वेळी मी मामाजींना पाण्याच्या काठाशी उभं केलं, म्हणजे तसबिरीत निदान काहीतरी दिसेल. "हालू नोका," म्हटलं, तर त्यांनी श्वाससुद्धा धरला. ती काच छान आली. मी ती त्यांना उजेडात दाखवली. ओल्या काचेवर सगळं उलट दिसतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मामाजींनी स्वतःला न्याहाळलं. गोरापान चेहरा, काळं कुळकुळीत पागोटं.

"सायब झालो," ते गंभीरपणे म्हणाले. "पन हे पागोटं बदला. मयतीले चाललो असं वाटते."

कागदावर घेतली की सरळ होते, हे मी त्यांना सांगितलं आणि पुढच्या काचेसाठी जागा शोधायला किनाऱ्यानं जरा पुढं गेलो. ओहोटी लागली होती, ओल्या खडकांवर ऊन चमकत होतं, एक होडी वाळूवर कलली होती. होडी हलत नाही, खडक हलत नाहीत. माझी खात्री झाली की आता जी तसबीर येईल तिच्यासाठी वऱ्हाडातून इथवर आलो ते सार्थकी लागेल. मी परत आलो, खोपटात शिरलो, काचेवर औषध ओतलं, आणि चांदीच्या पाण्याचं झाकण उचललं. काहीतरी वेगळं वाटलं म्हणून दार किलकिलं करून पाहिलं. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. आत दूध नासावं तसा पांढरा चोथा तरंगत होता.

"मामाजी," मी म्हणालो, "याच्यात काही टाकलं काय?"

"हो नं," ते आनंदानं म्हणाले. "तुमचं पानी कमी झालं होतं. भरून ठेवलं. इतकं पानी समोर पडलं हाय, तुमी काहून चिमूट चिमूट वापरून राहिले?"

चांदीच्या पाण्यात मीठ गेलं की संपलं. आणि माझ्याजवळ दुसरं नव्हतं. अख्ख्या सफरीचं पाणी त्या एका भांड्यात होतं.

मला जे वाटलं ते सांगता येत नाही, आणि तेव्हा तर मुळीच सांगता आलं नाही, कारण ते सासरे होते. मी भांडं खाली ठेवलं, बाहेर येऊन खडकावर बसलो आणि त्या कललेल्या होडीकडे पाहत राहिलो. मामाजी काही वेळ दारात घुटमळले. मग माझ्यापासून हातभर दूर येऊन बसले. त्यांना काय झालं ते कळत नव्हतं, पण आपल्या हातून झालं एवढं कळलं होतं.

"ते नासलं काय?"

"हो."

"माह्याच्यानं?"

मी मान हलवली. ते वाळूत बोटानं रेघा ओढू लागले. मग म्हणाले, "जावईबापू, माह्या वावरात कोनं असं केलं असतं तं मी त्याले बांधापर्यंत शिव्या देत नेलं असतं. तुमी काहून बोलून नाही राहिले?"

"तुमी तं मामाजी. तुमाले कसं बोलू?"

"सासऱ्याले नोका बोलू. मी तिकडं तोंड करून बसतो. तुमी समजा, तुमचा गडी हाय."

आणि ते खरोखर समुद्राकडे तोंड करून, मांडी घालून, हात जोडून बसले. मी आढेवेढे घेतले. पण एकदा तोंड उघडल्यावर मग मला आवरलं नाही. मी त्या गड्याला त्याच्या शिवशिवणाऱ्या हातांवरून बोललो, बडनेऱ्याच्या भरावावरून बोललो, आगगाडीतल्या गाठोड्यावरून बोललो. ज्याला काम समजत नाही त्यानं हात बांधून बसावं, असं म्हणालो. दर वाक्यानंतर मामाजी मान डोलवत होते. मध्येच एकदा म्हणाले, "बरोबर हाय, असाच हाय तो." कोळीण हातातलं जाळं खाली ठेवून ऐकत होती. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "बस? माझ्या घरवाल्याला रोज याहून जास्त शिव्या पडतात."

मामाजींना हसू आलं, आणि त्यांच्या मागून मलाही. तिनं आम्हाला एकेक शहाळं फोडून दिलं. दुपार आम्ही त्या होडीच्या सावलीत काढली. मी करणार काय, पेटी बांधून ठेवली होती. मामाजींनी तिच्या नवऱ्याला जाळं ओढायला मदत केली, आणि या खेपेला मी अडवलं नाही. दिवस कलल्यावर त्यांनी आपला पितळी लोटा समुद्रात बुडवून भरला, तोंडाला केळीचं पान बांधलं आणि म्हणाले, "हे गावात दाखवू. तसबिरीवर कोनी इस्वास नाही ठेवनार."

झालंही तसंच. मी अकोल्याजवळच्या त्यांच्या गावी ती एकुलती एक चांगली तसबीर कागदावर घेऊन गेलो, तेव्हा पारावर गाव जमलं. कागद हातोहात फिरला. मामाजी सगळ्यांनी ओळखले, पण त्यांच्या मागं जे पांढरं पसरलं होतं त्याला कोणी समुद्र म्हणेना. "कापसाच्या गंजीपुढं उभे हायेत," पाटील म्हणाले, आणि बाकीच्यांना ते पटलं. मग मामाजींनी लोटा उघडला. ज्यानं त्यानं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ तुमीच टाकलं," एक म्हातारी म्हणाली.

"मी कायले टाकू?"

"मंग इतकं मीठ कोनं टाकलं?"

यावर मामाजी खाली बसले आणि त्यांनी समुद्र सांगायला सुरुवात केली. मी घरात गेलो. बायको माहेरी आधीच येऊन राहिली होती. वडिलांची तसबीर तिनं पदरानं पुसून देवळीत ठेवली, आणि मग हळूच मला विचारलं, "खरा कसा होता हो समुद्र?"

मी सांगू लागलो आणि अडखळलो. पेटीच्या काचेवर दृश्य उलटं पडतं, खालचं वर आणि वरचं खाली. माझा सगळा वेळ काळ्या कापडाखाली आणि मासळीच्या खोपटात गेला होता. नीट आठवू लागलो तर मला आठवत होतं ते उलटं टांगलेलं पाणी आणि त्याच्याखाली बुडालेलं आभाळ.

"बाहेर चाल," मी तिला म्हटलं, "तुहे बाबा सांगून राहिले."

आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. पारावरून मामाजींचा आवाज येत होता. बांध नसताना पाणी कसं थांबतं ते ते गावाला समजावून देत होते, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे समुद्र रोज दोनदा मागे सरकून आपली जमीन तपासून येत होता.