पद्मिनीबाईंची नजर आणि फिंटनचा रोच

पद्मिनीबाई विजयकरांना मासा कळतो, हे माहीममध्ये कुणाला सांगावं लागत नसे. त्या बाजारात शिरल्या की कोळणी एकमेकींना खुणा करत आणि बर्फाखालचा माल वर, वरचा खाली, अशी हलवाहलव सुरू होई. बाई कल्ला उघडून पाहत, पोटावर अंगठा दाबत आणि निकाल देत. निकालावर अपील नसे. रावस म्हणून तसाच दिसणारा स्वस्त दाढा गळ्यात मारायचा असेल तर कोळणी त्यांची पाठ फिरायची वाट पाहत. शेजारणी त्यांना हौसेने बाजारात नेत, पण जेवायला बोलवायला कचरत. कारण बाई बाजार संपला म्हणून थांबत नसत. ताटातल्या तुकडीबद्दलही जे असेल ते सांगून मोकळ्या होत. यजमानीण हिरमुसली, की त्यांना खरोखरच आश्चर्य वाटे.

अशा बाई जानेवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी लेकीकडे, आयर्लंडमधल्या नास गावी आल्या आणि अडकल्या. विमानं बंद झाली, राहण्याची मुदत सरकारच परस्पर वाढवत गेलं. लेक पूर्वा वरच्या खोलीत आणि जावई अमोघ खालच्या खोलीत दिवसभर लॅपटॉपशी बोलत. बाईंशी बोलायला उरला तो स्वयंपाकघरातला फ्रिज, आणि त्यात मासा म्हणून जे होतं ते पाहून त्यांचा जीवच उडाला. डोकं नाही, शेपूट नाही, कातडी नाही. प्लास्टिकच्या ताटलीत पांढरा चौकोन.

“ह्याला ओळखायचं कशावरून?” बाईंनी विचारलं.

“आई, वर लिहिलंय ना.”

“लिहायला काय, कुणीही लिहील.”

त्या दिवसापासून बाईंच्या चेहऱ्यावर एक प्रकारची निवृत्ती आली. टेलिफोन खात्यातून त्या निवृत्त झाल्या तेव्हाही ती आली नव्हती.

मेच्या मध्यावर पाच किलोमीटरच्या आत फिरायची परवानगी मिळाली आणि बाई कालव्याकाठी जाऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना फिंटन दिसला. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त पोस्टमन, लोकरी टोपी, एका खोक्यावर बसलेला आणि हातात त्याच्या तिप्पट लांब गळाची काठी. बाई थांबल्या. काठी वाकली, पाणी ढवळलं आणि जाळीत ताटाएवढा चपटा, पितळी रंगाचा मासा आला. एवढा जिवंत मासा बाईंनी चार महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांच्या डोक्यात वाटण तयार होऊ लागलं. फिंटनने मासा तोलला, त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि अलगद पाण्यात सोडून दिला.

“अहो! अहो, सुटला!” बाई ओरडल्या, शुद्ध माहीमच्या मराठीत.

फिंटनला वाटलं, आपलं अभिनंदन होतंय. त्याने टोपी काढून मान लववली.

मग बाई इंग्रजीवर आल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढल्यामुळे ती त्यांना येत होती, फक्त थोडी मोठ्याने येत होती. “सोडलात का तो?”

“मग काय करायचं त्याचं?” फिंटनने विचारलं.

माशाचं काय करायचं, हा प्रश्न पद्मिनीबाईंना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्या काठावरच्या बाकावर बसल्या. फिंटनने सांगितलं, की हा ब्रीम. एवढा मोठा घरी न्यायला कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी नेऊ नये. लहानपणी त्याने एकदा खाल्ला होता. चिखलात भिजवलेला कापूस आणि त्यात टाचण्या, असं त्याने वर्णन केलं. “मग धरता कशाला?” बाई म्हणाल्या. “बघायला,” तो म्हणाला. बाईंनी घरी येऊन पूर्वाला सांगितलं, की कालव्यावर एक वेडा बसतो. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला त्या पुन्हा तिथे हजर होत्या.

तेव्हा दोन मीटर अंतर ठेवायचा नियम होता. फिंटनच्या जाळीचा दांडा बरोबर दोन मीटरचा होता. दोघांच्या मध्ये तो आडवा ठेवलेला असे, आणि मासा लागला की त्याच दांड्यावरून जाळी बाईंच्या पुढ्यात येई आणि पाठोपाठ ‘हा कोण?’ असा प्रश्न. म्हणजे बाई जागच्या न हलता बाजार त्यांच्यापर्यंत चालत येऊ लागला. एवढा मान माहीमनेही दिला नव्हता. फिंटन प्रत्येक माशाला ‘युअर मॅन’ म्हणे, म्हणजे हा गडी. बाईंना पहिले काही दिवस तो आपल्यालाच टोमणा वाटला, मग त्यांनी ते सोडून दिलं.

इथले मासे मात्र बाईंच्या ओळखीचे नव्हते. टेंच हिरवट, इवल्या डोळ्यांचा आणि असा बुळबुळीत, की राख लावल्याशिवाय विळीवर धरता यायचा नाही. पर्चच्या अंगावर पट्टे आणि पाठीवर काटेरी पंखा. पाइकला बदकाची चोच आणि सुसरीचे दात. रड सोनेरी, खालचा ओठ पुढे काढून कायम रुसलेला. आणि रोच, चांदीसारखा, लाल डोळ्यांचा. लाल डोळ्याचा मासा बाईंनी माहीमला कोळणीच्या पाटीत परत फेकला असता. इथे तोच लाल डोळा जातिवंतपणाची खूण होता. आयुष्यभराची विद्या उलटी करून घ्यायला बाईंना पंधरा दिवस लागले. सोळाव्या दिवशी त्या फिंटनच्या आधी नाव सांगू लागल्या.

शरद ऋतूत फिंटनने त्यांना शेवटचा धडा दिला. रोच आणि ब्रीम एकाच वेळी, एकाच उथळ पाण्यात अंडी घालतात, आणि त्यातून कधी कधी दोघांचं मिश्र पिल्लू निघतं. दिसतं रोचसारखं, वाढतं ब्रीमसारखं. भलेभले फसतात. खात्री करायची तर पोटाखालच्या, शेपटीअलीकडच्या पराच्या काड्या मोजायच्या. रोचला डझनभर, ब्रीमला दोन डझनांच्या वर, मिश्राला अधल्यामधल्या. “म्हणजे रावस आणि दाढा,” बाई म्हणाल्या. फिंटनला काही कळलं नाही, पण त्याने ‘ग्रँड’, म्हणजे झकास, म्हटलं.

फिंटनची स्वतःची गोष्ट एवढीच होती, की त्याला एक सर्टिफिकेट हवं होतं. देशातल्या मोठ्या माशांची नोंद ठेवणारी एक समिती आहे; रोच दोन पौंडांच्या वरचा धरला आणि साक्षीदाराच्या सहीचा फॉर्म पाठवला, तर ती सर्टिफिकेट देते. गळवाल्यांच्या क्लबात त्याचे चार जुने सोबती होते, चौघांच्याही बैठकीत कसलं ना कसलं सर्टिफिकेट टांगलेलं. चाळीस वर्षं कालव्यावर काढून फिंटनची भिंत कोरी होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि साथीमुळे ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती. मासा लागला हे सांगणारं पाण्यावरचं बूच त्याला धूसर दिसे. पुढच्या वर्षी ते दिसेल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

ऑगस्ट २०२१ मधल्या एका सकाळी बाई पोहोचल्या, तर फिंटन उभा होता. त्याला उभा पाहायची सवय नव्हती, म्हणून बाई घाबरल्याच.

“दोन पौंड पाच औंस,” तो म्हणाला. “पद्मिनी, दोन पौंड पाच औंस! युअर मॅन रोच आहे!”

फोटो काढून झाला होता, क्लबातल्या चौघांना पाठवून झाला होता, चौघांचे अंगठे आणि अभिनंदन आलं होतं. फॉर्म खोक्यावर दगडाखाली ठेवलेला होता. फक्त साक्षीदाराची जागा रिकामी होती. फिंटनने मासे जिवंत ठेवायची पाण्यातली लांब जाळी वर उचलली, मासा ओल्या चटईवर ठेवला आणि पेन पुढे केलं.

बाईंनी मासा पाहिला. अर्धा क्षणही लागला नाही. डोळा लाल होता, पण हवा तेवढा नाही. पाठीला जरा जास्त उंची, आणि पोटाखालचा तो पर शेपटीकडे लांबत गेलेला. लांबच लांब.

“चष्मा राहिला घरी,” बाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या गळ्यात लोंबत होता. फिंटनला तो दिसला नाही, ही मोतीबिंदूची कृपा. “पूर्वाला फोन करते.” फिंटनने मासा पुन्हा पाण्यातल्या जाळीत सोडला आणि बाई चार पावलं लांब गेल्या.

पूर्वा दोन मीटिंगांच्या मध्ये होती. “आई, सही करून टाक ना, प्लीज. कुणाचं काय जातंय? म्हातारा खूश होईल. एकदा तरी गप्प बस. बाबांच्या वेळचं विसरलीस का?”

बाई विसरल्या नव्हत्या. गुरुनाथरावांनी जन्मात एकदाच मासे आणले होते, बाईंच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. सरंगे होते, कागदात गुंडाळलेले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. बाईंनी कागद उघडायच्या आधीच म्हटलं होतं, “दोन दिवसांचे आहेत, मांजराला घाला.” ते खरंच दोन दिवसांचे होते. गुरुनाथराव वरणभात जेवले आणि त्यानंतर सोळा वर्षं, जाईपर्यंत, बाजाराच्या वाटेलाही गेले नाहीत. आपण चुकलो असं बाईंना कधी वाटलं नव्हतं. आपण बरोबर होतो, हेच त्यांना अजून सलत होतं.

आणि ह्या देशात फिंटनशिवाय त्यांना कुणी विचारणारं नव्हतं. ‘हा कोण?’ एवढे दोन शब्द ऐकायला त्या वर्षभर थंडीपावसात चालत आल्या होत्या. सही केली की तो माणूस जन्मभर आनंदात राहील. नाही केली, तर उद्यापासून हा बाक आणि हे पाणी, बस्स. बाईंनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग त्या परत आल्या आणि दांडा ओलांडून प्रथमच फिंटनच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या.

“हात ओला करा,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्हीच मोजा. नखाने.”

फिंटनने त्यांच्याकडे पाहिलं. त्याने मासा पुन्हा चटईवर घेतला, हात बुडवला, तो पर अलगद उलगडला आणि अंगठ्याचं नख एकेका काडीवरून सरकवू लागला. ओठ हलत होते. नऊ, दहा, अकरा. बारावर तो जरा थांबला. नख पुढे सरकलं. तेरा. चौदा. सतराला पर संपला.

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा सतरा.

“वरवर बघितलं तर रोचसारखाच आहे,” तो म्हणाला.

“आहे.”

“दुसऱ्या कुणीही सही केली असती.”

“केली असती,” बाई म्हणाल्या.

फिंटनने मासा पाण्यात सोडला. फॉर्मच्या चार घड्या घालून तो खिशात टाकला, गळाची काठी आवरली, खोकं उचललं आणि निरोप न घेता निघून गेला. बाई बाकावर बसून राहिल्या. घरी आल्यावर पूर्वाने विचारलं, “केलीस सही?” आणि आईचा चेहरा पाहून चहा टाकला.

आठ दिवस तो आला नाही. बाई रोज दहाला जात होत्या, अकराला परत येत होत्या. पाण्यात कुठे बुडबुडे आले की त्या आपल्या मनाशीच नाव घेत: टेंच असणार. ऐकायला कुणी नव्हतं. आपण नेहमीसारखं तोंडावर फेकलं नाही, त्यालाच मोजायला लावलं, एवढी एक गोष्ट त्या स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तिचा फारसा उपयोग होत नव्हता. रडू आलं, तेव्हा त्यांनी ते वाऱ्यावर ढकललं.

नवव्या दिवशी त्या पोहोचल्या, तर खोकं जागेवर होतं आणि फिंटन खोक्यावर. त्याने मान वर केली नाही.

“क्लबात गेलो होतो काल,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “चौघांना सांगितलं, की मिश्र निघाला. कुणालाच धक्का बसला नाही. विचारलं तेव्हा कळलं, चौघांनीही फोटोत पाहताक्षणी ओळखला होता. म्हणाले, म्हाताऱ्याला तेवढंच सुख.” त्याने गळाची दोरी जरा आत ओढली. “चाळीस वर्षांचे सोबती, पद्मिनी. त्यांना माझी कीव आली. तुम्हाला नाही आली.”

एवढं मोठं प्रशस्तिपत्र बाईंना जन्मात कुणी दिलं नव्हतं. ते मुकाट्याने घ्यायचं आणि बसायचं, इतकंच काम होतं. बाईंनी दोनदा तोंड मिटलं. तिसऱ्यांदा जमलं नाही.

“खोटं कशाला बोलू, फिंटन,” त्या म्हणाल्या. “कीव आली होती. खूप आली होती.”

फिंटनने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला, इतका की काठावरची बदकं उडाली, आणि हसता हसता खोक्यावर जरा सरकून त्याने बाईंना जागा करून दिली.