कळा एकीला, विचारणा दुसऱ्याला!

कामशेतच्या एका प्रसूतिगृहात मी सिस्टर आहे. आमच्या लेबर रूमचे किस्से म्हणजे धुणं. आजचं वाळत घालेपर्यंत उद्याचा ढीग तयार! हसावं की कपाळावर हात मारावा, मला अजून कळलेलं नाही.

*

बाहेर मोठा बोर्ड आहे, ‘वेदनारहित प्रसूती’. आंदर मावळातली एक बाई कळा सोसत जिना चढून आली आणि म्हणाली, "सिस्टर, त्या बोर्डावरचं मलाबी द्या."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, भूलवाले डॉक्टर पुण्याहून येईपर्यंत तू मोकळी होशील!"

"मंग बोर्ड कशाला लावलाय वो?"



*

आठव्या महिन्यात कुणी त्या भुलीच्या इंजेक्शनचं विचारलं, की डॉक्टर म्हणतात, "आत्ताच कशाला? वेळ आली की बघू." वेळ आली, की "आता उशीर झाला, आधी विचारायचं!"

एका शाळेतल्या बाईंनी कळ ओसरल्यावर विचारलं, "सर, मग हा तास नेमका असतो कधी?"

*

आमच्या आयामावशींचा ठरलेला उपदेश, "ओरडू नको गं, बाळाला ऐकू जातं!"

एकीनं दात-ओठ खात उत्तर दिलं, "जाऊ दे की! त्यालाबी कळू दे."

*

एक नवरोबा व्हरांड्यातून गरजले, "आमच्या घरात इंजेक्शन घिऊन कुनी बाळंत झालं न्हाई!" विषय संपला. बायको आत तळमळतेय.

थोड्या वेळानं त्यांचंच बोट दारात चेमटलं. टाका घालायची तयारी केली, तर किंचाळले, "ताई, आदी बधीर करा ना!"

बधीर केलं. पण माझा असा संताप झाला होता म्हणून सांगू!

*

शबाना कुसगावची, पहिलटकरीण. पहिल्या महिन्यापासून आमच्याच डॉक्टरांकडे तपासायला यायची. कळा वाढल्या तसा तिनं माझा हात घट्ट धरला. "सिस्टर, मला ते इंजेक्शन पाहिजे. मिळेल ना?"

नशिबानं त्या दिवशी भूलवाले डॉक्टर इथंच होते. मी धावत आमच्या डॉक्टरांना सांगायला गेले.

डॉक्टर रिवाजाप्रमाणे थेट व्हरांड्यात! नवरा, सासरे, मामा, सगळ्यांना छान समजावलं. सुई पाठीत कुठं देतात, फायदा काय, धोका काय. आतून शबानाच्या किंकाळ्या येत होत्या. मग ते सासूबाईंकडे वळले, "बोला मावशी, द्यायचं का?"

सासूबाई भडकल्या. "मला काय विचारताय? मला दुखतंय का? तिला विचारा की!"

डॉक्टर लेबर रूमच्या दारापर्यंत गेले, थांबले आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले,

"सिस्टर, नाव काय हिचं?"