साडेचार रियालपाशी थांबलेली गर्दी

"मॅडम, आज आत खेळाडू जास्त आणि प्रेक्षक कमी," आमचा कोच, रे, म्हणाला. तो हसत होता, पण गळ्यातली शिट्टी बोटांनी सारखी फिरवत होता.

मॅचला अर्धा तास उरला होता. वॉर्मअप चालू होता. रिकाम्या खुर्च्यांवरून चेंडूचा आवाज फिरून परत येत होता, धप्प, धप्प, हॉलच झोपेत श्वास घेत असल्यासारखा.

बाहेर पार्किंग मात्र भरलेलं. समुद्रावरून धुकं आलं होतं. गाड्यांच्या मधल्या जागेत चटया पसरलेल्या, त्यावर ओमानी कुटुंबं कॉफी आणि खजूर घेऊन बसलेली, फिलिपिनो मुलं गिटार वाजवत होती, आपली मंडळी डबे उघडून बसली होती. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि फोनच्या उजेडात चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते. आत यायची घाई कुणालाच नव्हती.

मस्कतमधल्या एका बास्केटबॉल क्लबची तिकीटविक्री मी सांभाळते. आमच्याकडे व्हेरिएबल प्रायसिंग आहे. विमानाच्या तिकिटासारखंच ते. खुर्ची तीच, पण मागणी बघून सॉफ्टवेअर दर हलवतं. सीझनच्या सुरुवातीला दर फक्त चढायचा. लोक भडकले. "शेजारच्याला चार रियाल, मला सहा. माझी खुर्ची सोन्याची आहे का?" असे मेसेज यायचे. मग आमच्या मालकांनी, म्हणजे अर्बाबनी, खुर्च्या उरल्या तर मॅचच्या संध्याकाळी दर उतरवायचा असं ठरवलं आणि तसं जाहीरही केलं. लोकांनी ते फारच नीट वाचलं होतं.

मी नवऱ्याला फोन लावला. फुकट पास मी घरच्यांनाही देत नाही.

"मिलिंद, कुठे आहेस?"

"पार्किंगमध्ये. इरा पण आहे. काय मस्त हवा आहे गं!"

"मग आत या की."

"थांब जरा. तिकीट साडेचारवर आलंय. तीन होईपर्यंत कुणी घ्यायचं नाही असं ठरलंय इथे."

"कुणी ठरवलं?"

"असं कुणी एकाने नाही. ठरलंय. बरं, तुझे धपाटे संपले. शेजारच्या चटईवर फार आवडले."

मागून इरा ओरडली, "आई, तू जस्ट एक बटण दाब ना, प्लीज!"

मी फोन ठेवला. मस्कतपासून तीन तासांवरच्या इब्री गावच्या बाजारात गिऱ्हाईक भाव ऐकतं, "बघू" म्हणतं आणि मुद्दाम सावकाश निघून जायला लागतं. दुकानदार हाक मारणार याची त्याला खात्री असते. इथे अख्खं पार्किंग तसं सावकाश चाललं होतं, आणि आमचं सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळाने भाव कमी करून हाका मारत होतं.

एरवी मला याची गंमत वाटली असती. पण आजची गर्दी बघून अर्बाब पुढच्या सीझनचा निर्णय घेणार होते. टीम बंद झाली तर रेचा व्हिसा संपणार होता. बायको, दोन मुली, अल् घुब्रामधला फ्लॅट, सगळं आवरून त्याला मनिलाला जावं लागलं असतं. सकाळीच तो मला म्हणाला होता, "मुलींना अजून सांगितलेलं नाही."

दर एकदम तीनवर आणणं सोपं होतं. मी लॅपटॉप उघडला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सैद काकांनी हात केला. हे इब्रीचे निवृत्त शिक्षक. दर मॅचला स्वतः गाडी चालवत येतात आणि पहिल्याच दिवशी तिकीट घेतात, पूर्ण सहा रियालला.

"बहन, आज सब लोग किधर है?"

"आ रहे हैं, चाचा."

दर पाडला असता तर सगळ्यात आधी आलेला हा माणूसच सगळ्यात जास्त फसला असता. मी दर होता तिथेच, साडेचारवर, गोठवला आणि हे लोकांना सांगायला बाजूच्या दारातून बाहेर पडले.

दार उघडताच आतला धप्प-धप्प आवाज माझ्याबरोबर बाहेर आला. जवळच्या चटईवरच्या माणसांनी माना वर केल्या. दार बंद झालं, तशा माना पुन्हा फोनवर गेल्या. मी दार परत उघडलं. माना वर. बंद केलं. माना खाली.

मी मागे वळले. सामानाचे ट्रक आत घ्यायला आमच्याकडे एक मोठं शटर आहे. ते पूर्ण वर करायला सांगितलं.

अर्बाब धावत आले. "हे काय? लोक फुकट बघतील!"

"अर्बाब, तिथून अर्धंच कोर्ट दिसतं."

हॉलचा पिवळा उजेड धुक्यात लांबवर पसरला. बुटांची करकर, रेची शिट्टी, चेंडू, सगळं पार्किंगवर वाहत गेलं. गिटार थांबली. कुणीतरी उभं राहिलं, मग शेजारचं. चटया गुंडाळल्या गेल्या. माणसं उजेडाकडे झोपेत चालल्यासारखी येऊ लागली. मी मेगाफोनवर एकच वाक्य बोलले, "साडेचार, खलास, याच्या खाली नाही." कुणी वाद घातला नाही. चालता चालताच तिकिटं निघत होती. मिलिंद जवळून गेला तेव्हा पुटपुटला, "अर्धा बास्केट दिसतो तिथून, फार त्रास होतो."

सैद काकांना मी खाली, कोर्टाच्या अगदी कडेच्या खुर्चीत बसवलं. हॉल भरला. मॅच आम्ही हरलो.

सामान आवरताना अर्बाब आले. "एसी चालू असताना शटर उघडायची आयडिया कुणाची?"

"माझी."

"बिल बघशील आता. पुढच्या वर्षी आधी विचारायचं."

ते गेले. रे खुर्च्यांच्या मागे उभा होता. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, 'पुढच्या वर्षी' म्हणाले ना ते?"

"म्हणाले."

तो खाली बसला आणि बायकोला फोन लावायला लागला.

आता आमचा दर उतरत नाही. जो आधी येतो त्याला सगळ्यात स्वस्त पडतं. तक्रारी अजूनही येतात, फक्त वेगळ्या माणसांच्या. आणि मॅचच्या दिवशीच्या कामांच्या माझ्या यादीत सगळ्यात वर शटर असतं, दर त्याच्या बराच खाली.