परदेशी नागरिक, मुक्काम सातपूर

समस्त गल्लीकरांस, आप्तेष्टांस आणि जमल्यास सरकारास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या घरात एक परदेशी नागरिक राहत आहे. सध्या ती ओट्यापाशी उभी राहून ठेचा रगडत आहे. जनतेने तिला घाबरू नये. ठेच्याला घाबरावे.

ही परदेशी नागरिक म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ सातपूरच्या कारखान्यात फिटर होता, आखातात नोकरीला गेला, तिथे आजारी पडला आणि बरा होऊन परतला तो दवाखान्यातली नर्स सोबत घेऊनच. ती फिलिपिन्सची. आईने आधी अबोला धरला, मग स्वतःच मुहूर्त काढला. लग्नात रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं. गल्लीने त्या नावाचे पेढे खाल्ले आणि तेव्हापासून गल्लीला तेवढंच नाव ठाऊक. जुनं राहिलं फक्त पासपोर्टात.

तिला इथे राहण्याची मुदत अधूनमधून वाढवून घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन, म्हणजे घरबसल्या करायचा. तो पुढे सरकावा म्हणून मात्र कार्यालयात जाऊन बसायचं. तिथे सगळ्या परदेशी मंडळींसाठी एक टेबल आणि त्या टेबलाला एकच मॅडम, पोलीस खात्यातल्या. बाकीच्या खुर्च्यांवर फायली ऐसपैस बसलेल्या. शहरात मोर्चा निघाला, मंत्री आला, मिरवणूक आली की मॅडम बंदोबस्ताला. त्यात कुंभमेळ्याची तयारी सुरू झालेली.

एकदा मी शिपायाला गाठलं.

"मॅडम कधी येतील?"

"बंदोबस्त सुटला की."

"बंदोबस्त कधी सुटणार?"

"गर्दी पांगली की."

"आणि गर्दी कधी पांगणार?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "ताई, तुम्ही नाशिकच्याच ना?"

मला हसू आवरेना. भावजय मात्र हसली नाही. तिची आई तिकडे अंथरुणाला खिळली होती. जुनी मुदत संपलेली, नवी मिळालेली नाही. अशा माणसाला देशाबाहेर पडायलासुद्धा त्याच टेबलाची परवानगी लागते. रोज सकाळी ती मोबाइल डब्याला टेकवून ठेवायची आणि पोळ्या लाटता लाटता आईशी बोलायची. पलीकडून म्हातारी दरवेळी एकच काहीतरी विचारायची. मी अर्थ विचारला तर म्हणाली, "विचारते, निघाली का गं?"

परवानगीचा अर्जही केला. राहत्या पत्त्याची चौकशी झाल्याशिवाय दोन्ही अर्ज हलणार नव्हते. चौकशीला साध्या कपड्यांतला पोलीस आला तो नेमका आम्ही सगळे दिंडोरीला मावसबहिणीच्या हळदीत नाचत असताना. घराला कुलूप. त्याने शेजारच्या काकूंना पासपोर्टावरचं नाव वाचून दाखवलं. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि ठणकावून सांगितलं, "या नावाचं इथं कुणी नाही."

"परदेशी बाई आहे, काकू."

"परदेशी? आमच्या गल्लीत? अहो, इथं सगळी आपलीच माणसं!"

पुढच्या दारातही तेच, वाण्याच्या दुकानातही तेच. पोलिसाने अहवाल दिला: सदर महिला सदर पत्त्यावर राहत नाही.

काकूंना खरं कळलं तेव्हा त्या धाय मोकलून रडल्या. "अगं, ती तू होय? मला वाटलं कर्जवसुलीवाले आले!" भावजयीनेच त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. गल्लीने तिला इतकं आपलं करून टाकलं होतं, की सरकारला ती सापडेना. हा किस्सा मी पुढे चार लग्नांत रंगवून सांगितला आणि चारही मांडव हसवले. तो पुरता सांगितला मात्र कुठेच नाही.

कारण चौकशी पुन्हा मागवायची, तर त्यावर मॅडमची सही हवी. मॅडम घाटावर बंदोबस्ताला. आल्या तेव्हा आमच्या पुढे फायलींचा डोंगर. पण बाई वाईट नव्हती. डबासुद्धा टेबलावरच खायची, एका हाताने पोळी, दुसऱ्या हाताने माउस. चौकशी पुन्हा लावली, दुसरा पोलीस आला, तेव्हा सगळी गल्ली भावजयीचं परदेशी नाव घोकून दारात उभी होती. अहवाल चांगला गेला. आता फक्त वरून मंजुरी यायची होती.

ती येण्याआधी म्हातारी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टेबलासमोर उभे राहिलो. भाऊ म्हणाला, "मॅडम, निदान मातीला तरी पोहोचू द्या तिला."

मॅडमनी स्क्रीन पाहिला. पुन्हा पाहिला. "अर्जात कारण 'आजारी आई' लिहिलंय. ते आता चालणार नाही. नवा अर्ज करावा लागेल."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"मी आज पुढे पाठवते. पण वर कधी बघतील, ते माझ्या हातात नाही. आणि उद्यापासून मी परत बंदोबस्ताला आहे."

भाऊ काहीबाही ओरडला. तोंडाचा पट्टा चालवण्यात आख्ख्या सातपुरात मला कुणी हरवलेलं नाही, पण त्या वेळी मी नुसती भावाचा दंड धरून त्याला मागे ओढत राहिले. भावजय तेवढी शांत होती. तिने टेबलाची कड धरली आणि आमच्या मराठीत हळूच विचारलं, "मॅडम, आई एकदाच मरते ना? मग तुमच्याकडं या टेबलाला दुसरं कुणीच कसं नाही?"

मॅडमचा हात माउसवरच थांबला. बाहेर रांगेतली माणसंही वळून बघू लागली. आणि त्या बाई एकदम, भरल्या कार्यालयात, मोठ्यांदा बोलून गेल्या:

"अगं, माझी आई गेली तेव्हा मलाही सोडलं नव्हतं, टेबलाला दुसरं कुणी नाही म्हणून!"